लॅपटॉपवर बोस-हबर्ड: तीव्र परस्परक्रियेच्या क्वांटम गॅसचं सिम्युलेशन, दोन अणूंपासून पुढे

२००२ साली म्युनिकमध्ये मार्कुस ग्राइनर, इमॅन्युएल ब्लॉख, टेओडोर हेन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबिडियम-८७ चे अतिथंड अणू लेसरच्या स्थिर तरंगांच्या जाळीत ठेवले आणि लेसरची तीव्रता हळूहळू वाढवत नेली. जाळी उथळ होती तोवर प्रत्येक अणू जाळीभर पसरलेला होता; ही अतिप्रवाही अवस्था. खळगे पुरेसे खोल झाल्यावर अणू जागच्या जागी अडकले. ही मॉट इन्सुलेटर अवस्था. दोन्ही अवस्थांत अणू तेच, गॅस तोच. बदलला तो फक्त एक आकडा: अणूंचं एकमेकांना ढकलणं आणि शेजारच्या खळग्यात उडी मारणं यांचं गुणोत्तर.

हे गुणोत्तर मोठं झालं की नेहमीची साधनं कामाची राहत नाहीत. विरळ, मंद परस्परक्रियेच्या बोस गॅसला ग्रॉस-पिटायेव्स्की समीकरण उत्तम चालतं, कारण तिथे सगळे अणू एकाच तरंगफलनात आहेत असं धरता येतं. तीव्र परस्परक्रियेत तसं धरता येत नाही. एका अणूची जागा कळली की शेजारच्याबद्दल काहीतरी कळतं, आणि हा परस्परसंबंध पूर्ण हिशोबात घ्यावा लागतो. म्हणून संगणक.

हा लेख एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्या, पायथन येणाऱ्या आणि ‘हॅमिल्टोनियन’ या शब्दाला न बिचकणाऱ्या वाचकासाठी आहे. माझा आग्रह एकच: कागदावर सुटणाऱ्या उदाहरणांशी जुळल्याशिवाय प्रोग्रॅमच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यामुळे खाली प्रत्येक टप्प्यावर तपासणीचे आकडे दिले आहेत. ते आधी जुळवा, मग पुढे सरका.

मॉडेल

बोस-हबर्ड मॉडेलमध्ये तीनच गोष्टी आहेत. जाळीतले खळगे, त्यांची संख्या एम. त्यांत वाटलेले बोसॉन, संख्या एन. आणि दोन ऊर्जा: शेजारच्या खळग्यात उडी मारण्याची जे, आणि एकाच खळग्यात दोन अणू आले तर मोजावी लागणारी किंमत यू. एका खळग्यातल्या अणूंची संख्या ‘न’ असेल तर किंमत (यू/२)·न·(न−१). एक अणू एकटा असेल तर शून्य, दोघांना यू, तिघांना ३ यू.

सच्छिद्र माध्यमातल्या हेलियमसारखे प्रश्न डोळ्यापुढे ठेवून फिशर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली या मॉडेलची अवस्था-आकृती मांडली. थंड अणूंच्या जाळीत ते जवळजवळ जसंच्या तसं उतरेल हे याक्श, झोलर आणि मंडळींनी १९९८ मध्ये दाखवलं. म्युनिकचा प्रयोग त्यानंतर चार वर्षांनी झाला.

सिम्युलेशनमध्ये जे = १ धरा आणि सगळ्या ऊर्जा जेच्या पटीत लिहा. हर्ट्झ आणि नॅनोकेल्विन शेवटी.

पहिला टप्पा: दोन अणू, दोन खळगे

कंटाळवाणा वाटला तरी हा टप्पा गाळू नका. शक्य मांडण्या तीन: (२,०), (१,१), (०,२). हॅमिल्टोनियनच्या कर्णावर यू, ०, यू. (१,१) पासून (२,०) ला जाणाऱ्या उडीचा घटक −√२ जे, (०,२) ला जाणाऱ्याचाही तेवढाच. हा √२ कुठून आला ते नीट बघा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अणू ज्या खळग्यातून निघतो तिथे उडीआधी न१ अणू असतील आणि जिथे पोचतो तिथे न२ असतील, तर घटक −जे·√न१·√(न२+१). त्यातला ‘+१’ विसरला तरी प्रोग्रॅम चालतो, आलेखही गुळगुळीत येतात. फक्त भौतिकी चुकलेली असते.

तीन बाय तीनचा हा मॅट्रिक्स हाताने सुटतो. ग्राउंड स्टेटची ऊर्जा (यू − √(यू² + १६ जे²))/२. यू = ० टाका: −२ जे, म्हणजे दोन मोकळे अणू, प्रत्येकाची ऊर्जा −जे. यू = ४ जे: −०.८२८ जे. यू = १० जे: −०.३८५ जे. तुमच्या प्रोग्रॅममधून हे तीनही आकडे शेवटच्या दशांशापर्यंत यायला हवेत.

एक सापळा: जाळी वर्तुळाकार धरली, म्हणजे शेवटचा खळगा पहिल्याला जोडला, तर दोन खळग्यांत तीच जोडी दोनदा मोजली जाते आणि जे दुप्पट होतो. वर्तुळ किमान तीन खळग्यांचं असावं. दोन खळग्यांची तपासणी उघड्या टोकांची.

दुसरा टप्पा: मांडण्यांची यादी

एन अणू एम खळग्यांत वाटायच्या मांडण्या किती, हे बारावीच्या क्रमचय-संचयातून निघतं: (एन+एम−१) मधून एन निवडायचे. दर खळग्याला एक अणू, म्हणजे एन = एम, धरलं तर:

४ खळगे: ३५
६ खळगे: ४६२
८ खळगे: ६,४३५
१० खळगे: ९२,३७८
१२ खळगे: १३,५२,०७८
१४ खळगे: २,००,५८,३००
१६ खळगे: ३०,०५,४०,१९५

बारा खळग्यांचा पूर्ण मॅट्रिक्स मेमरीत ठेवायचा म्हटला तर साधारण १४.६ टेराबाइट लागतील. पण त्यातले बहुतेक घटक शून्य असतात. एका मांडणीतून एका उडीत जाता येईल अशाच मांडण्या तिला जोडलेल्या असतात; बाराच्या वर्तुळात दर ओळीला कर्णाबाहेर सरासरी साडेबारा. म्हणजे सगळे मिळून सुमारे १.८३ कोटी घटक. स्पार्स स्वरूपात, दर घटकाला बारा बाइट धरले तर २२० मेगाबाइट. साध्या लॅपटॉपवर बसतं. चौदा खळग्यांना ३.७ गिगाबाइट, शिवाय लँक्झोसचे (मोठ्या मॅट्रिक्सच्या टोकाच्या थोड्या आयगेनव्हॅल्यू काढण्याच्या पद्धतीचे) व्हेक्टर. सोळा गिगाबाइट रॅममध्ये जपून होतं. सोळा खळग्यांना निव्वळ मॅट्रिक्ससाठीच साठ गिगाबाइटच्या वर. तिथे सममिती वापरावीच लागते: वर्तुळ एकेक खळगा फिरवल्याने बनणाऱ्या मांडण्या एकत्र केल्या की संख्या साधारण सोळापट घटते, आरशाची सममिती धरली की आणखी निम्मी.

यादी बनवताना पायथनच्या फॉर-लूपमध्ये एकेक मांडणी हाताळू नका. सगळ्या मांडण्या नमपायच्या एका तक्त्यात ठेवा, दर ओळीला एक मांडणी, आठ बिटांचे पूर्णांक. बारा खळग्यांना तो तक्ता १६ मेगाबाइटचा होतो. प्रत्येक मांडणीला एक सांकेतिक क्रमांक द्या: खळग्यांतले आकडे (एन+१) पायाच्या संख्येचे अंक समजून वाचायचे. बारा अणूंना पाया १३. क्रमांक चढत्या क्रमाने लावून ठेवा.

मग उड्या. प्रत्येक जोडीसाठी, सगळ्या ओळींवर एकदम: ज्यांच्या पहिल्या खळग्यात निदान एक अणू आहे त्या ओळी निवडा, क्रमांकातून एका खळग्याचा घात वजा करा, दुसऱ्याचा मिळवा, आणि नवा क्रमांक यादीत कुठे आहे ते सर्चसॉर्टेडने शोधा. जोडी दोन्ही दिशांनी करायला विसरू नका. या पद्धतीने बारा खळग्यांचा मॅट्रिक्स पटकन तयार होतो; तेच काम लूपने केलं तर चहा पिऊन यावं लागतं.

इथे एक सूक्ष्म धोका आहे. पाया १७ आणि अंक १६ झाले की संख्या ६४ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही. नमपाय तक्त्यातल्या अशा ओसंडण्याबद्दल तक्रार करत नाही, चुकीचा क्रमांक गपचूप देतो. एका खळग्यात पाच-सहापेक्षा जास्त अणू येऊ द्यायचे नाहीत अशी मर्यादा घातली की पाया लहान होतो आणि प्रश्न सुटतो, मात्र मग ती मर्यादा एकने वाढवून उत्तर बदलत नाही ना हे पाहणं आलंच. यू/जे चारच्या वर असेल तर कमाल चार ते पाच सहसा पुरतात. एकच्या आसपास असेल तर जास्त लागतात.

मॅट्रिक्स तयार झाल्यावर तो सममित आहे का ते तपासा: त्यातून त्याचाच ट्रान्सपोज वजा करा, कमाल घटक शून्य यायला हवा. एका ओळीचं काम आहे आणि अर्ध्याहून जास्त चुका इथेच पकडल्या जातात.

तिसरा टप्पा: ग्राउंड स्टेट काढणं

सहा खळग्यांपर्यंत मॅट्रिक्स पूर्ण उघडून सगळ्या आयगेनव्हॅल्यू काढा. त्यापुढे लँक्झोस. सायपायमध्ये ‘ईआयजीएसएच’ हे फंक्शन आहे. त्याची मूळ सेटिंग सगळ्यात मोठ्या परिमाणाची आयगेनव्हॅल्यू शोधायची असते, आणि यू मोठा असताना ती सगळे अणू एकाच खळग्यात कोंबलेल्या अवस्थेची असते. ‘एसए’ हा पर्याय द्या, म्हणजे बैजिक अर्थाने सगळ्यात लहान. सहा खळग्यांना दोन्ही पद्धतींची उत्तरं ताडून बघा, मग बारावर जा.

आता कागदाशी जुळवण्याचे आकडे. जे = १.

यू = ०, वर्तुळ: ऊर्जा बरोबर −२ एन. बारा अणूंना −२४. टोकं उघडी असतील तर −२ एन·कोसाइन(१८०°/(एम+१)), बाराला −२३.३०.

यू = ०: एका खळग्यातल्या अणुसंख्येचं विचरण १ − १/एम; बाराला ०.९१७. हा आकडा खळगा कोणताही घेतला तरी तोच यायला हवा, कारण वर्तुळात सगळे खळगे सारखे.

यू मोठा, वर्तुळ: दर खळग्याची ऊर्जा जवळपास −४/यू. यू = २० ला सुमारे −०.२. विचरण जवळपास ८/यू², म्हणजे ०.०२.

आणि एक तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती यूच्या कुठल्याही किमतीला चालते आणि तिला कागदावरचं उत्तर लागत नाही. हेलमान-फाइनमानच्या नियमानुसार ऊर्जेचं यूच्या सापेक्ष विकलन म्हणजे सगळ्या खळग्यांवरच्या न(न−१)/२ च्या सरासरींची बेरीज. यू = ३.९९ आणि ४.०१ ला ऊर्जा काढा, फरकाला ०.०२ ने भागा. यू = ४ च्या तरंगफलनातून तीच बेरीज थेट मोजा. दोन्ही चार-पाच दशांशांपर्यंत जुळायला हवेत. नाही जुळले तर दोष मोजमापाच्या कोडमध्ये आहे किंवा लँक्झोस पुरेसा स्थिरावलेला नाही.

चौथा टप्पा: काय मोजायचं

ऊर्जेवरून अवस्था ओळखता येत नाही. ती यूबरोबर सुरळीत बदलत राहते. दोन गोष्टी मोजा.

पहिली, एककण घनता-मॅट्रिक्स: खळगा क मधून अणू काढून ख मध्ये ठेवला तर तरंगफलन स्वतःशी किती जुळतं, याची एम बाय एमची सारणी. तिची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू भागिले एन म्हणजे कंडेन्सेटमधला हिस्सा. यू = ० ला तो १. जाळी अचानक विझवून अणूंचा ढग पसरू दिल्यावर प्रयोगात दिसणारी टोकदार शिखरं याच मॅट्रिक्सच्या फूरिये रूपांतरातून येतात, म्हणून ते रूपांतरही काढून ठेवा. एक सावधगिरी मात्र बाळगा. एका मितीत खरा कंडेन्सेट अनंत जाळीत टिकत नाही, अंतर वाढेल तसा परस्परसंबंध घातनियमाने घटत जातो. बारा खळग्यांत दिसणारा मोठा हिस्सा हा बऱ्याच अंशी जाळी लहान असल्याचा परिणाम आहे. त्याला ‘बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट’ म्हणून अहवालात लिहू नका.

दुसरी, गॅप: एन+१ अणूंची ग्राउंड स्टेट ऊर्जा, अधिक एन−१ अणूंची, वजा दुप्पट एन अणूंची. यू = ० ला शून्य. यू मोठा असताना एका मितीत जवळपास यू − ६; म्हणजे यू = २० ला चौदाच्या आसपास. या सहाचा उगम सुंदर आहे: जादाचा अणू भरलेल्या जाळीत √२·√२ म्हणजे दुप्पट वेगाने उड्या मारतो, म्हणून त्याची ऊर्जा ४ ने उतरते, रिकामी जागा साध्या वेगाने फिरते, तिची २ ने.

आता संक्रमण कुठे होतं? लहान जाळीत गॅप कधीच शून्य नसतो. अतिप्रवाही अवस्थेत तो साधारण १/एम प्रमाणे घटतो. म्हणून ६, ८, १०, १२ खळग्यांसाठी गॅप गुणिले एम असा आलेख यू/जेच्या सापेक्ष काढा. जिथवर चारही रेषा जवळजवळ एकावर एक आहेत तिथवर अतिप्रवाही, फाकू लागल्या की मॉट. पण फाकण्याची नेमकी जागा डोळ्यांनी ठरवू नका. एका मितीतलं हे संक्रमण बेरेझिन्स्की-कोस्टरलिट्झ-थाउलेस प्रकारचं आहे. गॅप संक्रमणाजवळ इतका हळू उघडतो की बारा खळग्यांवरून काढलेला बिंदू हमखास चुकतो. मोठ्या जाळ्यांवरच्या कामातून हा बिंदू यू/जे ≈ ३.३ च्या आसपास येतो. तुमच्या आलेखातून चार किंवा साडेचार असं काही वाटलं तर कोड चुकलाय असं नाही, जाळी लहान आहे.

पाचवा टप्पा: शंभर खळगे

शंभर अणू, शंभर खळगे: मांडण्या साधारण ४.५ × १०^५८. यादी करण्याचा प्रश्नच नाही. इथे स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये मांडलेली डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रूप) पद्धत येते. एका मितीतल्या ग्राउंड स्टेटमध्ये जाळीच्या डाव्या आणि उजव्या भागांतलं एंटँगलमेंट मर्यादित असतं, त्यामुळे तरंगफलन प्रत्येक खळग्यामागे लहान मॅट्रिक्सच्या साखळीत लिहिता येतं. त्या मॅट्रिक्सचा आकार म्हणजे बाँड डायमेन्शन. तो २०० धरला आणि दर खळग्यात शून्य ते पाच अणू, तर सगळी साखळी १९२ मेगाबाइटमध्ये बसते.

स्वतः लिहू नका. ज्युलियात आयटेन्सर आणि पायथनमध्ये टेनपाय ही दोन्ही मोफत, जोपासलेली आणि भरपूर उदाहरणं असलेली पॅकेजेस आहेत. स्वतः लिहिलेला लँक्झोस शिकवतो. स्वतः लिहिलेला डीएमआरजी बहुतेकदा वर्ष खातो.

चालवताना टोकं उघडी ठेवा, वर्तुळाला बाँड डायमेन्शन खूप जास्त लागतं. अणुसंख्या राखण्याची सोय चालू करा. सुरुवात ‘प्रत्येक खळग्यात एक’ अशा साध्या अवस्थेपासून करा, आणि पहिल्या काही फेऱ्यांत थोडा नॉइज द्या, नाहीतर पद्धत भलत्याच स्थानिक किमान ऊर्जेत अडकू शकते. बाँड डायमेन्शन ५०, १००, २००, ४०० असं वाढवत न्या.

सगळ्यात आधी मात्र बारा खळगे, उघडी टोकं, यू/जे = ४, आणि तुमच्या आधीच्या लँक्झोस प्रोग्रॅमशी तुलना. सात-आठ आकडे जुळले की मग शंभरवर जा. जुळले नाहीत तर पहिला संशय अणुसंख्येच्या कमाल मर्यादेवर घ्या: दोन्हीकडे ती सारखी आहे का?

शंभरवर ऊर्जा फार लवकर स्थिर होते आणि माणूस फसतो. लांबच्या अंतरावरचा परस्परसंबंध ऊर्जेच्या मानाने खूप उशिरा स्थिरावतो. तुम्हाला संक्रमणबिंदू काढायचा असेल तर गरज त्या परस्परसंबंधाचीच आहे: एककण घनता-मॅट्रिक्सचे घटक अंतराच्या कोणत्या घाताने घटतात ते काढायचं, आणि तो घात १/४ झाला की संक्रमण आलं, हे सिद्धांत सांगतो. घात काढताना जाळीच्या दोन्ही टोकांचे वीस-पंचवीस खळगे सोडून मधला भाग घ्या. अंतर अगदी लहान असलेले बिंदूही सोडा. घेतलेली अंतराची पट्टी थोडी सरकवून पाहा, घात किती हलतो ती तुमची खरी अनिश्चितता. कर्व्ह-फिटने छापलेली त्रुटी त्याहून बरीच लहान असते आणि तिला अर्थ नसतो.

दोन-तीन मिती आणि तापमान

दोन मितींत डीएमआरजी लवकर दमते. तिथे बोसॉनसाठी क्वांटम मोंटे कार्लो, आणि त्यातही प्रोकोफिएव्ह, स्विस्तुनोव्ह आणि तुपित्सिन यांनी १९९८ मध्ये दिलेला वर्म अल्गोरिदम. आपल्या हॅमिल्टोनियनमधल्या सगळ्या उड्यांना ऋण चिन्ह आहे, त्यामुळे प्रत्येक मांडणीचं वजन धन राहतं आणि हजारो खळग्यांची जाळी चालवता येते. याच मार्गाने दर खळग्याला एक अणू असताना संक्रमणबिंदू दोन मितींत यू/जे ≈ १६.७ आणि तीन मितींत ≈ २९.३ असे मिळाले आहेत. मीन-फील्ड सिद्धांत तीन मितींत सुमारे ३५ सांगतो. एवढा फरक परस्परसंबंध गाळल्यामुळे पडतो.

मोंटे कार्लोत दोन गोष्टींवर वेळ घालवा. एक, त्रुटी. लागोपाठचे नमुने एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून साधं प्रमाण विचलन भागिले वर्गमूळ हा हिशोब फसवा निघतो. नमुने दोन-दोन, चार-चार, आठ-आठ असे गटांत सरासरी करत न्या आणि त्रुटी वाढायची थांबते तिथली किंमत घ्या. ती थांबतच नसेल तर सिम्युलेशन कमी चाललंय. दुसरी, तुलना. वर्म अल्गोरिदमच्या नेहमीच्या रूपात अणुसंख्या बदलती असते, तर आपला लँक्झोस ठरावीक अणूंचा. सहा खळग्यांवर तुलना करताना एकतर मोंटे कार्लोतले फक्त सहा अणूंचे नमुने घ्या, नाहीतर दुसरीकडे सगळ्या अणुसंख्या रासायनिक विभवासह मिळवा. हे न करता दोन बरोबर प्रोग्रॅम एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून आठवडे जाऊ शकतात.

फर्मिऑनांची गोष्ट वेगळी. अदलाबदलीतून येणाऱ्या ऋण चिन्हांमुळे वजनं एकमेकांना छेदतात आणि आकडा गोंगाटात बुडतो. एक सुखद अपवाद आहे: वर आणि खाली स्पिनचे अणू समसमान असलेला, आकर्षणाचा फर्मी गॅस. त्यात चिन्हाचा प्रश्न टाळता येतो. म्हणूनच युनिटरी फर्मी गॅसची (परस्परक्रिया शक्य तितकी तीव्र असलेल्या गॅसची) ऊर्जा मोकळ्या गॅसच्या ०.३७ पटीच्या आसपास, हा आकडा संगणक आणि लिथियमवरचे प्रयोग यांतून इतका जवळजवळ सारखा आला. स्पिनची संख्या असमान केली की सवलत संपते.

खऱ्या प्रयोगाशी जोडणं

आता हर्ट्झ. म्युनिकच्या प्रयोगात लेसर ८५२ नॅनोमीटरचा होता, म्हणजे खळग्यांतलं अंतर ४२६ नॅनोमीटर. रुबिडियम-८७ साठी रिकॉइल ऊर्जा (लेसरचा एक फोटॉन शोषल्यावर स्थिर अणूला मिळणारी गतिज ऊर्जा) प्लँकच्या स्थिरांकाने भागली की ३.१६ किलोहर्ट्झ. जाळीची खोली रिकॉइल ऊर्जेच्या एस पट धरली, तर खोल जाळीसाठी

जे ≈ २.२६ × एस^०.७५ × ई^(−२√एस)
यू ≈ १.६० × (के·ए) × एस^०.७५

दोन्ही रिकॉइलच्या पटीत. ‘ई’ म्हणजे २.७१८, के म्हणजे लेसरचा तरंगांक, ए म्हणजे प्रकीर्णन लांबी, रुबिडियमला सुमारे ५.३ नॅनोमीटर. गुणाकार के·ए ≈ ०.०३९.

एस = १२ टाकून बघा. जे ≈ ०.०१४, म्हणजे ४५ हर्ट्झ, तापमानाच्या भाषेत २.२ नॅनोकेल्विन. यू ≈ ०.४०, म्हणजे १.२७ किलोहर्ट्झ, ६१ नॅनोकेल्विन. यू/जे ≈ २८. मोंटे कार्लोचा २९.३ इथून हातभर अंतरावर आहे, आणि प्रयोगात संक्रमण दिसलं तेही एस बारा-तेराच्या दरम्यानच. अचूक काम करायचं असेल तर जे या सूत्राऐवजी ऊर्जेच्या पट्ट्यांच्या (बँड स्ट्रक्चरच्या) गणितातून काढा. उथळ जाळीत सूत्र बरंच चुकतं. यू/जेमध्ये एस घातांकात असल्याने खोलीतली लहानशी चूकही मोठी होते.

प्रयोगातला ढग सपाट जाळीत नसतो, तो चुंबकीय किंवा प्रकाशीय सापळ्यात धरलेला असतो. प्रत्येक खळग्याला मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात जादा ऊर्जा द्या, हॅमिल्टोनियनच्या कर्णात एक पद वाढतं, बाकी काही नाही. डीएमआरजीत तुम्हाला नदीच्या घाटासारख्या पायऱ्या दिसतील: मध्ये दर खळग्याला दोन अणू, बाहेर एक, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये अतिप्रवाही पट्टा. यामुळे संपूर्ण ढगासाठी एकच यू/जे संक्रमणबिंदू सांगणं अवघड होतं. स्थानिक घनता आणि विचरण खळग्यागणिक काढा, म्हणजे प्रयोगातल्या चित्राशी थेट ताडता येईल.

काळाबरोबर काय होतं

२०१२ मध्ये म्युनिकच्या गटाने आणखी एक प्रयोग केला, तो सिम्युलेशन शिकायला आदर्श आहे. एकाआड एक खळगा भरलेला, १, ०, १, ०, असं ठेवायचं, अचानक उड्या सुरू करायच्या, आणि सम-विषम खळग्यांतली अणुसंख्या बघत राहायचं.

लहान जाळीवर हे लँक्झोसच्याच मॅट्रिक्सने करता येतं; सायपायच्या ‘एक्सपीएम मल्टिप्लाय’ला मॅट्रिक्स गुणिले उणे आय गुणिले काळ द्या. तपासणी यू = ० ला: भरलेल्या खळग्यातली सरासरी संख्या म्हणजे एक अधिक शून्याव्या क्रमाचं बेसेल फलन, या बेरजेच्या निम्मी; फलनाच्या आत ४·जे·काळ (ħ = १ धरून). संख्या पहिल्यांदा बरोबर अर्ध्यावर येते ती जे·काळ ≈ ०.६० ला. बारा खळग्यांच्या वर्तुळात थोड्या वेळाने अणू फिरून परत भेटतात आणि रेषा बेसेलपासून सुटते. आठ, दहा आणि बाराच्या रेषा एकावर ठेवल्या की ही सुटण्याची वेळ कळते; त्यापुढचा भाग मोठ्या जाळीचं चित्र म्हणून वापरू नका.

मोठ्या जाळीसाठी टेनपाय आणि आयटेन्सर दोन्हींत काळानुसार उत्क्रांतीची सोय आहे. इथे अडचण वेगळी: एंटँगलमेंट काळाबरोबर सरळ रेषेत वाढतं, त्यामुळे लागणारं बाँड डायमेन्शन घातांकी वाढतं. म्युनिकच्या प्रयोगातली मोजमापं संगणकाला जिथवर पोचता आलं त्याच्या पुढेही चालू राहिली होती. यंत्र मोठं घेतल्याने थोडाच काळ वाढतो. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर वेळ मिळाला, तर तो एकाच सिम्युलेशनला लांबवण्यात घालवू नका. यूच्या अनेक किमती आणि दोन-तीन बाँड डायमेन्शन एकाच वेळी स्वतंत्र जॉब म्हणून चालवण्यात तो जास्त सत्कारणी लागतो.

आलेखावर दोन बाँड डायमेन्शनच्या रेषा, समजा ४०० आणि ८००, एकत्र काढा. त्या जिथे वेगळ्या होऊ लागतात त्या काळाची नोंद करा, तिथे उभी तुटक रेघ मारा आणि प्रबंधातला आलेख तिथेच थांबवा.